आत्याचं अर्धं राहिलेलं गाणं

मंडळी, कुणाला जुनं गाणं ऐकवायच्या आधी विचारत जा.

शिराळ्याची माझी आत्या सध्या आमच्याकडे सांगलीला आलीय. आज तिला अठ्ठ्याहत्तरावं लागलं, म्हणून हौसेनं मोबाईलवर साठच्या दशकातलं एक प्रेमगीत लावलं. तिचे डोळे भरून आले. घाबरून मी ते मधेच बंद केलं.

"सासऱ्यांनीबी आसंच बंद केलं हुतं," ती म्हणाली.

तिचे मालक फौजेत होते. सीमेवरून रेडिओला पत्र धाडून त्यांनी हे गाणं तिच्यासाठी मागितलं होतं. रेडिओवर दोघांची नावं आली, तेव्हा ते लढाईत कामी येऊन महिना झाला होता.

"लाव की रं परत."

लावलं. पदर तोंडाशी धरून ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मोबाईल गप्प झाला, तरी त्याच्याकडेच बघत होती.

"संपलं व्हय?"