रुसवा काढायला निघालेली देवी

नाशिकहून निघालेली बस सकाळी कोल्हापुरात शिरली तेव्हा माझी मान आखडली होती, पण वादाची खुमखुमी शाबूत होती. कॉलेजच्या वसतिगृहातली मैत्रीण मालन आणि मी, आमचा तेव्हापासून एकच वाद चालू आहे. माझं म्हणणं, देव असेल तर तो परिपूर्ण असायला हवा. आणि परिपूर्ण देवाच्या हातून असं ठिगळं लावलेलं जग घडणार नाही. मालनने जन्मभर शाळेत गणित शिकवलं, तरी नवरात्राचे नऊ दिवस कडक उपास करते. यंदा तिने फोनवर सांगितलं, "ललिता पंचमीला ये. आमची देवी कुठं चुकली ते दावतो." (इथे बायकाही 'दावतो', 'येतो' म्हणतात.) असं आमंत्रण कोण सोडेल?

मंगळवार पेठेतल्या तिच्या घरी पिशवी टाकली. स्वतः उपाशी असूनही ती मला मिसळ खायला घेऊन गेली. कट (वरचा तिखट रस्सा) असा की नाकाडोळ्यांतून धारा लागल्या. दुकानदार मोठ्या प्रेमाने ओरडला, "पावणं (पाहुणे), लाजू नगा, आनखी घ्या की!" आणि मी नको म्हणायच्या आत वाटी पुन्हा भरली. या गावात आग्रहसुद्धा दमदाटी केल्यासारखा करतात. मला तो फार आवडला.

तिथेच मालनने कथा सांगितली. दैत्याशी झालेल्या लढाईत त्र्यंबोली नावाच्या सखीने अंबाबाईला मोठ्या संकटातून सोडवलं. मग विजयाचा सोहळा झाला, आणि त्या गडबडीत त्र्यंबोलीलाच बोलवायचं राहून गेलं. ती रुसली आणि गावाकडे पाठ करून टेंबलाईच्या टेकडीवर जाऊन बसली. तिची समजूत काढायला अंबाबाई स्वतः तिकडे गेली. म्हणून दर पंचमीला देवीची पालखी टेकडीवर जाते.

"विसरली म्हणजे परिपूर्ण नाही," मी लगेच पकडलं.

"न्हायच. कोन म्हनतंय हाय म्हनून?" मालन म्हणाली. मग म्हणाली, "पालखी झाली की मला आक्काकडं जायचंय."

आक्का म्हणजे तिची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच मालनला वाढवलं. गेल्या वर्षी मालनच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. घरच्या माणसाला कशाला आवतान (आमंत्रण), म्हणून मालनने सांगितलं नाही. दोघींच्या भावाला वाटलं, मालनने सांगितलं असेल. आक्का आलीच नाही, आणि तेव्हापासून ती फोन उचलत नाही. "तिनं दार उघडलं न्हाय तर माझं माहेर संपलं," मालन म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ते मिसळीमुळे नक्कीच नव्हते.

टेकडीकडे नेणाऱ्या रिक्षावाल्याने आमचा वाद ऐकला आणि रिक्षा न थांबवताच मान मागे वळवली. "देवी कशाला विसरंल हो? आमाला शिकवाय नाटक केलंय तिनं!" मालनला ते मुळीच पटलं नाही. उतरेपर्यंत दोन भाविकांचंच कडाक्याचं भांडण झालं आणि मी नास्तिक मध्ये बसून दोघांना शांत करत होते.

टेकडीवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. पालखी आली, गर्दीतून एकच गजर उठला आणि अंगावर काटा आला, कबूल करते. मग दैत्याचं प्रतीक म्हणून कोहळा फोडायचा विधी झाला. कोहळा फुटताच त्याच्या शुभ मानल्या जाणाऱ्या तुकड्यासाठी माणसं एकमेकांवर तुटून पडली. माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मालन कोपर खरचटून, केस सुटून बाहेर आली, पण मुठीत फोड होती.

आक्काचं घर टेकडीच्या पायथ्याशीच. मी अनवाणी, मालन विस्कटलेली. तिने कडी वाजवली.

"कोन हाय?"

"मी मालन."

दार उघडलं नाही.

"चुकलं माझं, आक्का," मालन बंद दाराला म्हणाली. "समदी जेवली आनि तू न्हाईस हे मला ताटं उचलताना कळलं."

दार उघडलं. आक्का माझ्याकडे बघून म्हणाली, "पावणं, तुमी आत या." मालन उंबऱ्याबाहेरच राहिली. आक्काची नजर तिच्या कोपरावर गेली. ती आत जाऊन हळद घेऊन आली आणि अशी काही दाबून लावली की मालन ओरडलीच.

"राग गेला न्हवं?" मालनने विचारलं.

"न्हाय. टेकडीवरची तरी कुठं गावाकडं वळलीया? पुढल्या पंचमीला परत ये," आक्का म्हणाली, आणि उपासाची वरी आणि शेंगदाण्याची आमटी वाढायला घेतली. तीन ताटं मांडली होती.

दुसऱ्या दिवशी परतीच्या बसमध्ये मी माझा युक्तिवाद पुन्हा तपासला. तो अजूनही बिनचूक आहे. पण कोल्हापूरने परिपूर्ण देव मागितलेलाच नाही. त्यांनी चुकणारी आणि दरवर्षी टेकडी चढून जाणारी देवी मानली, आणि तिच्या मागोमाग मालनला आक्काच्या दारापर्यंत जाता आलं. मला त्या गावाचा मनापासून हेवा वाटला. मी देव मानत नाही. त्यामुळे माझ्यावर रुसलेल्या माणसांकडे कोणत्या दिवशी जायचं, ते मला माझं मलाच ठरवावं लागणार आहे.