बाईंनी मारलेली रेघ

वहीत आम्ही जे लिहू ते थोरात बाई वर्गातच करायला उठत. कुणी निबंधात 'पाणी वाचवा' असं लिहिलं, की त्या कोपऱ्यातल्या माठातलं पाणी तांब्यात घेऊन त्याच्यासमोर उभ्या राहायच्या. "तू सांगितलंस म्हणून आले. आता कसं वाचवू ते सांग." मी एकदा 'परिसर स्वच्छ ठेवा' लिहिलं, तर त्यांनी केरसुणी उचलली आणि परिसर कुठून कुठवर धरायचा ते विचारलं. मला सांगता येईना. शेवटी मी 'बाकाखालचा कागद उचला' असं लिहिलं, तेव्हा त्या वाकल्या आणि त्यांनी कागद उचलला.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमची शाळा डिंगोऱ्यात, बाई रोज नारायणगावहून यायच्या. उंच, किरकोळ बांधा, खांद्याला कापडी पिशवी आणि तिच्यात आमच्या वह्या. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नव्हतं. मराठीतलं पत्र, आवाहन, घोषणा शिकवायला लागल्या की त्यांचा आवाज चढायचा. दुसऱ्याचं मन वळवायचं तर आज्ञार्थच हवा, हे त्यांचं ठाम मत. "'करावे' म्हटलं की वाटतं, शेजाऱ्याने करावे. 'करा' म्हटलं की माणूस स्वतःकडे बघतो," असं त्या सांगत. 'नम्र विनंती' दिसली की त्यांची लाल रेघ ठरलेली. "विनंती पायाशी बसून राहते, आज्ञा हाताला धरून उठवते."

याचा पडताळाही आम्हाला आला. शाळेजवळच्या वळणावरून उसाच्या ट्रॉल्या भरधाव जायच्या. 'वाहने सावकाश चालवावीत' अशी एक पाटी तिथे होती, पण तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नसे. बाईंनी आमच्याकडून नवी पाटी लिहून घेतली: 'ट्रॅक्टर हळू घ्या. शाळा सुटली आहे.' थोड्या दिवसांनी एक ट्रॅक्टरवाला पाटी कुणी लिहिली ते विचारत शाळेत आला. लई नेमकं लिव्हलंय म्हणाला आणि निघून गेला. तो मजकूर सुनंदाचा होता.

सुनंदा माझ्याच बाकावर बसायची. तिचे वडील, अण्णा, दिवाळी सरली की मेंढरं घेऊन माळशेज उतरायचे आणि पावसाच्या तोंडावर परतायचे. आम्ही नववीत असताना तिचं लग्न ठरलं. मेंढरं कोकणात उतरायच्या आत, तुळशीचं लग्न झालं की लगेच उरकायचं होतं. तोंडाने बोलायची तिची छाती होत नव्हती, म्हणून बाईंनी तिला अण्णांना पत्र लिहायला बसवलं.

तिने लिहिलं: 'अण्णा, माझं लग्न थांबवा. मला दहावीला बसू द्या. सुमन आत्या बाळंतपणात गेली तेव्हा माझ्याच एवढी होती. मला भीती वाटते.' बाईंनी पहिली दोन वाक्यं ठेवली आणि पुढच्या दोन वाक्यांवर रेघ मारली. मी शेजारीच होते. रडगाणं लावलं की आज्ञेची धार जाते, असं त्या समजावत होत्या. सुनंदाने मान हलवली.

अण्णांना वाचता येत नव्हतं. त्या रविवारी बाई स्वतः वस्तीवर गेल्या, वाट दाखवायला मी बरोबर होते. अण्णा घोंगडीवर बसून होते. बाईंनी पत्र मोठ्याने वाचलं. ऐकून झाल्यावर ते सावकाश म्हणाले, "बाई, पोर थांबवा म्हनती, ते कळलं. पर का, ते कुटं सांगितलंय?"

बाई शिक्षणाबद्दल बोलल्या, कायद्याबद्दल बोलल्या. सुनंदा दाराच्या चौकटीला धरून बाईंकडे बघत होती. जे खोडलं होतं ते तिने तोंडाने सांगितलं नाही, आणि बाईंना किंवा मलाही ते सांगायचं सुचलं नाही. ठरल्या दिवशी लग्न झालं.

मी दहावीची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यात सुनंदा पहिल्या बाळंतपणात गेली. बाळही राहिलं नाही.

जुलैत मी दाखला आणायला शाळेत गेले होते. बाई व्हरांड्यात वह्या तपासत होत्या. अण्णा भिजत आले आणि त्यांनी टोपीतून घडी केलेला कागद काढला. सुनंदाची धाकटी बहीण मंगल तेव्हा नुकती वाचायला शिकली होती. तिने घरात हाती लागलेलं ते पत्र त्यांना वाचून दाखवलं होतं, रेघेखालच्या अक्षरांसकट.

"ह्यावर रेघ कुनी वढली?" त्यांनी विचारलं.

"मी," बाई म्हणाल्या.

"सुमन माजी पाठची भन. म्याच तिचं लवकर लावून दिलं व्हतं. एवढं वाचलं असतं तुमी, तर म्या लगीन मोडलं असतं."

बाई उभ्या राहिल्या. "चूक माझी आहे, अण्णा," एवढंच त्यांच्याने बोलवलं. अण्णांनी कागदाची पुन्हा घडी घातली आणि ते पावसात चालते झाले.

त्यानंतर बाईंच्या हाती लाल पेन कुणाला दिसलं नाही. आज्ञार्थ त्या शिकवतच राहिल्या. पण दर जूनमध्ये नव्या वर्गाला आधी सांगत, की मी एका मुलीची दोन वाक्यं खोडली होती आणि ती मुलगी आता नाही. मग म्हणत, "आज्ञा मागून येऊ दे. आधी तुला ठाऊक आहे आणि समोरच्याला ठाऊक नाही, ते लिही."

आणि दर शनिवारी शाळा सुटली की त्या चालत वस्तीवर जात, मंगलला शिकवायला. अण्णांनी त्यांना कधी अडवलं नाही, पण बाई लांबून दिसल्या की ते मेंढरं घेऊन माळाला निघून जात. ते कोकणात असले की मंगल आजीजवळ राहायची. तेव्हाही बाईंचा शनिवार चुकला नाही. मंगल दहावी झाली, नर्स झाली.

निवृत्तीनंतर दोन वर्षांतच बाई गेल्या. मी तेव्हा अवसरीला कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला होते. दशक्रियेला नारायणगावला गेले, तर मीना नदीच्या काठी, माणसांपासून थोडे दूर, अण्णा बसलेले. फार थकले होते. मी जवळ जाऊन बसले. त्यांनी मला ओळखलं.

"सात वर्सं आली ती माऊली वस्तीवर," ते म्हणाले. "शेवटी शेवटी माजा राग बी राह्यला नव्हता. पर तोंड कसं दावावं, काय बोलावं, कळंना. म्हनून मेंढरं घेऊन जायचो."

माणसं पांगली, काठ रिकामा झाला, तरी आम्ही दोघं तिथेच बसून होतो.