पलंगाचा चौथा पाय

विनायकराव मेस्त्री यांची आणि माझी ओळख चंडीगढच्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत झाली. यजमानांची बदली तेव्हा जवळच्या चंडीमंदिर छावणीत होती. मखरावरची कोरलेली वेल पाहून मी विचारलं, "हे मशीनवर केलंत?"

ते हसले. "नाही वहिनी. मशीन अजून शिकतोय."

ते खरंच होतं. कोरीवकामात हात मुरलेला असताना पंचेचाळिशीत ते मनीमाजऱ्यात सरदार करतारसिंगांकडे खराद, म्हणजे लाकूड कातायचं यंत्र, शिकायला जात. गुरू शिष्याहून तीन वर्षांनी लहान! कोरताना लाकूड स्थिर आणि हात फिरता. इथे सगळं उलट. विनायकरावांचं मनगट सवयीने वळे आणि पटाशी उसळे. करतारसिंग ओरडत, "ओ उस्तादजी, घूमना लकड़ी का काम है, आपका नहीं!" मी रविवारी विनायकरावांकडे कोरीवकाम शिकायची, तेव्हा कधी कधी ही गंमत पाहायला सोबत जायची.

करतारसिंग मुलीच्या, जीतच्या, लग्नाचा पलंग करत होते. कातून रंगवलेल्या पायांचा पलंग मुलीला द्यायची त्यांच्याकडे रीत. तीन पाय झाले होते. लग्नाची आमंत्रणं द्यायला गावी निघायच्या दिवशी विनायकराव म्हणाले, "आज एवढी गोलाई शिकवून जा." करतारसिंग थांबले, दुसऱ्या दिवशीच्या बसने गेले. पंजाबातले ते दहशतवादाचे दिवस; वाटेत त्या बसवर गोळीबार झाला. ते परतले नाहीत.

लग्नाचा दिवस बदलायचा नाही, असं घरच्यांनी ठरवलं. चौथा पाय करायचं काम विनायकरावांनी मागून घेतलं. करतारसिंगांच्या पत्नी म्हणाल्या, "वीरजी, छेनी से बना दो. किसे पता चलेगा?" पटाशीने हाताने कोरून तो दोन दिवसांत झाला असता. पण जीतच्या वडिलांनी जसा केला असता तसाच, यंत्रावर कातून, तो व्हावा, यावर विनायकराव अडून बसले. कर्फ्यू उठला की सायकल काढत. सहा ओंडके फुकट गेले. सातवा जमला, पण मानेशी किंचित बारीक झाला.

जीतने चारही पायांवरून हात फिरवला आणि नेमकी चौथ्यापाशी थांबली.

"माफ करना बेटी. इतना ही सीख पाया."

"चाचाजी, ये मेरे सिरहाने रहेगा."

उशाशी! विनायकरावांना रडताना मी तेव्हा पाहिलं.

लग्नानंतर जीतच्या आईने, त्या माउलीने, खराद त्यांच्या स्वाधीन केली. पंचकुल्याच्या घरी स्कूटरच्या शेडमध्ये ती बसवून त्यांनी स्टुडिओ उभारला. तिथे किती जण शिकले! शिकवणी कितीही रंगली, तरी कुणाला गाडी गाठायची असली की ते त्याला अर्ध्यातून उठवतात.

माझे यजमान गेले तेव्हा विनायकराव पुण्याला आले. दोन दिवस जवळ बसून राहिले.

या गौरवग्रंथासाठी मी फोन केला तेव्हा म्हणाले, "माझी पंचाहत्तरी कसली करता, वहिनी? करतारला पन्नाशीही मिळाली नाही. मीच थांबवलं त्याला." त्याचं उत्तर आज सर्वांसमक्ष देते. विनायकराव, तुम्ही त्यांच्याकडे एक दिवस शिकायला मागितला होता. तुमची ही वर्षं त्यांच्याकडून हिरावून घेतलेली नाहीत. ती तुमची आहेत. निरोगी राहा, खूप जगा, आणि त्याबद्दल कुणाची क्षमा मागू नका.