काशम्माचा उंबरा

सोलापुरात पटकीची साथ आली की डॉक्टरच्या आधी लोक सारजाबाईला बोलावत. मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगात ती स्वयंपाकीण होती. पण साथीच्या दिवसांत चूल दुसरीच्या हवाली करून ती घराघरांत शिरायची. जिथं सख्खा भाऊ पाय ठेवायला धजत नसे, तिथं ही बसून राही. रोग्याची घाण काढी, अंथरुणं जाळी, मीठपाणी चमच्याचमच्यानं पाजी. पाळक कमलाकर उपासनेत सांगत, "विश्वास कसा दिसतो ते पाहायचं असेल तर सारजाबाईंचे हात पाहा."

हे ऐकलं की ती मान खाली घाली. लोकांना तो तिचा विनय वाटे.

१९२१च्या साथीत बोर्डिंगात सक्त हुकूम होता, पाणी उकळल्याशिवाय मुलींना द्यायचं नाही. एका दुपारी जळण ओलं होतं, सारजाबाईच्या अंगात कणकण होती आणि मुली शाळेतून तहानलेल्या आल्या होत्या. तिनं घागरीतलं पाणी तसंच माठात ओतलं. त्यानंतर प्रेमला नावाच्या मुलीला पटकी झाली आणि ती सारजाबाईच्या मांडीवर गेली. मथुराबाई या गावोगाव फिरणाऱ्या शिक्षिकेची ती एकुलती एक लेक. आई बाहेरगावी होती. ती पोचली तेव्हा माती झालेली होती.

चौकशी सुरू झाली. पाणी भरायला काशम्मा होती, मैंदर्गीकडची विधवा, कानडी वळणाचं मराठी बोलणारी. तिनं बंदी घातलेल्या विहिरीचं पाणी आणलं असेल, असं कुणीतरी बोललं. बोर्डिंग चालवणाऱ्या मडमबाईंनी सारजाबाईला विचारलं. ती म्हणाली, "व्हय. म्या बघितलंय."

काशम्मा तिथंच उभी होती. तिचं काम गेलं. चर्चमध्ये तिच्या शेजारी कुणी बसेना. लहानग्या सिद्धप्पाला, आपल्या मुलाला, घेऊन ती कुंभारी गावी निघून गेली.

तेव्हापासून सारजाबाई साथीत उतरू लागली. एखादा रोगी उठून बसला की मनातल्या मनात ती प्रेमलाला सांगे, हा बघ, आणखी एक वाचवला. एकदा तिनं पाळकांपुढं तोंड उघडलं. "पाळकसाहेब, माझ्या हातनं लई मोटं पाप घडलंय." कमलाकर भले गृहस्थ, पण घाईत होते. म्हणाले, "बाई, एवढी सेवा करता. देव पाहतो आहे." तिला हायसं वाटलं. पुढं कित्येक रात्री त्याच हायसं वाटण्याची तिला भीती वाटली.

१९३२च्या उन्हाळ्यात एक उंचेला जवान धापा टाकत बोर्डिंगाच्या दारात आला.

"कुंभारीस्नं आलोय. बायकोला पटकी झालीय. पोटुशी हाय. आईला न विचारता आलोय."

"नाव काय तुजं?"

"सिद्धप्पा."

सारजाबाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं. त्याच्या डोळ्यांत काशम्मा दिसत होती. नाही म्हणायला कारणं पुष्कळ होती. पण ती टांग्यात बसली. रोग्याच्या घरी जाताना तिला आजवर कधी धास्ती वाटली नव्हती. त्या दिवशी टांगा उलटावा असं तिला वाटत होतं.

काशम्मा दारातच उभी होती. केस पांढरे झालेले. तिनं ओळखलं आणि दोन्ही हात चौकटीला लावले.

"तू? माज्या घरात तुज्या हातचं पाणी न्हाय जायाचं."

"आई, ती मरायला लागलीय!" सिद्धप्पा ओरडला. आतून कण्हणं ऐकू येत होतं. शेजारचे लोक लांबूनच बघत होते.

"मरू दे. हिच्या हातानं न्हाय वाचायची."

नेहमीची सारजाबाई असती तर तिला बाजूला सारून आत शिरली असती. सेवेपुढं कुणाचं ऐकायची तिला सवय नव्हती. पण त्या उंबऱ्यावर तिचं सगळं पुण्य बाहेरच राहिलं. ती उन्हात खाली बसली.

"काशम्मा, तू पाणी चांगल्या विहिरीचंच आणलं हुतंस. म्याच उकळलं न्हाय. प्रेमला माज्यामुळं गेली. आन् तुजं नाव म्या घेतलं."

काशम्माचे हात चौकटीवरून सुटले. खोटी साक्ष तिला ठाऊक होती. न उकळलेल्या पाण्याचं ती आज ऐकत होती. तिनं पुढं होऊन सारजाबाईच्या फाडकन मुस्काटात मारली.

"मला हितं काय सांगतीस? मला ठावंच हुतं मी काय केलं न्हाय ते! जिथं माजं नाव घेतलंस तितं सांग. मथुराबाईला सांग."

"सांगते."

"समद्यांपुढं."

"समद्यांपुढं."

आतलं कण्हणं थांबलं. दोघींनीही एकमेकींकडं पाहिलं आणि काशम्मा बाजूला झाली. "चल आत. पाणी मी उकळते. तू पाज."

सून वाचली. पोटातलं मूल राहिलं नाही.

परतल्यावर सारजाबाईनं पाळकांना सगळं सांगितलं. त्यांनी तिला बसायला सांगितलं. मग म्हणाले, "चूक माझीही आहे. तुम्ही आला होतात, मी ऐकलं नाही. पण बाई, मग ही सगळी सेवा फुकट गेली म्हणायची का?"

"फुकट कशी जाईल? मानसं जगली की. पर त्या कामाच्या आड मी दडून बसले हुते, साहेब. देवाला म्हणत हुते, ह्येच्याकडं बघ, माज्याकडं नगं बघू."

रविवारी प्रभुभोजनाआधी ती उभी राहिली. शेवटच्या बाकावर काशम्मा होती. सारजाबाईनं काही झाकलं नाही, जळण ओलं होतं हेही सांगितलं नाही. ती बोलत असतानाच मथुराबाई उठल्या आणि निघून गेल्या. पाळकांनी सर्वांदेखत काशम्माची क्षमा मागितली. सारजाबाईला त्या दिवशी प्रभुभोजनाची भाकर मिळाली, बोर्डिंगातलं काम मात्र गेलं. काही घरं तिला दारात उभं करेनाशी झाली. ज्यांनी बोलावलं त्यांच्याकडं ती जात राहिली. पण उठून बसलेल्या रोग्याचं प्रेमलाला सांगणं तिनं बंद केलं.

तू क्षमा केलीस का, असं काशम्माला कुणी विचारलं तर ती म्हणे, "करायला लागलेय. एकदम व्हत न्हाय."

मथुराबाई कित्येक महिने दिसल्या नाहीत. मग एका सकाळी त्या सारजाबाईच्या खोलीपुढं येऊन उभ्या राहिल्या. सारजाबाईला वाटलं, आता शिव्याशाप. ती हात जोडून उभी राहिली.

मथुराबाई पायरीवर बसल्या. "तुम्ही तिच्याजवळ होता ना? शेवटी माझ्या पोरीनं काय मागितलं? मला आजवर कुणी सांगितलं नाही."

सारजाबाई त्यांच्या शेजारी बसली आणि सांगू लागली.