हवंय म्हणणारं गाणं

नागपूरच्या इंजिनियरिंग कॉलेजात मी लिहिलेल्या एकांकिकेला लेखनाचं पहिलं बक्षीस मिळालं होतं. त्यामुळे आयर्लंडमधल्या आमच्या डंडॉक गावच्या हौशी म्युझिकल सोसायटीसाठी नाटक लिहायची वेळ आली तेव्हा मी अजिबात घाबरले नाही. दिवसभर ऑफिसचा कोड लिहायचा, संध्याकाळी संवाद. त्यात काय एवढं!

सोसायटी दर वर्षी एखादं तयार अमेरिकन म्युझिकल, म्हणजे त्यांचं संगीत नाटक, बसवते. दोन हजार वीसच्या मार्चमध्ये कोरोनामुळे प्रयोग रद्द झाला आणि दिग्दर्शक बाईंनी ठरवलं, आता आपलंच लिहायचं. छोटं, पाच माणसांचं, उघड्यावर करता येईल असं. बाई सत्तरीच्या, याच गावच्या, पण तीस वर्षं न्यूयॉर्कला सहायक दिग्दर्शक होत्या. मोठा दिग्दर्शक नाटक उभं करून पुढच्या कामाला निघून जायचा, मग तेच नाटक वर्षानुवर्षं रोज तसंच होतंय ना, हे बघायचं काम यांचं. नाव त्याचं, राबायचं यांनी. त्यांना त्याचं काही वाटत नसे, पण ऐकून माझंच डोकं फिरायचं.

लेखकांची तऱ्हा आणखी न्यारी. एक म्युझिकल लिहून उभं राहायला सात-आठ वर्षं सहज जातात, तोवर पोटासाठी शिकवण्या करायच्या. मग आधी लांबच्या गावात प्रयोग लावून बघतात. तिथे प्रेक्षक कंटाळून खोकायला लागले की दिग्दर्शक नेमकं लेखकाचं लाडकं गाणं कापतो, आणि लेखकाने दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नवं आणून द्यायचं. “रडायचं असेल तर लिहिता लिहिता रड,” असं बाईंनी एकाला सांगितलं होतं म्हणे.

माझ्यावर ती वेळ येणार नाही याची मला खात्री होती. माझी नायिका गावातल्या बुटांच्या कारखान्यात चाळीस वर्षं शिलाईच्या मशीनवर बसलेली. कारखाना बंद होतो तिथे नाटक सुरू. तिचं पहिलं गाणं मी समुद्र, वारा, आठवणी असं झकास रंगवलं. बाईंनी परत पाठवलं. दुसरंही परत. तिसऱ्यावर एकच ओळ लिहून आली: हिला काय हवंय?

अमेरिकन म्युझिकलचा हा नियमच. पहिल्या दहा मिनिटांत मुख्य माणसाने उभं राहून, गाऊन सांगायचं की मला अमुक हवंय. ते कळलं नाही तर लोकांनी बसायचं कशाला? मी फोनवरच भडकले. म्हटलं, “अहो, नायिका आहे ती, भाजीवाल्याकडे आलेलं गिऱ्हाईक नाही! आमच्याकडे असं मागत सुटणाऱ्या बाईला हावरट म्हणतात.”

बाई हसल्या. “आमच्याकडे तरी कुठे कोण मागतं? घराला आग लागली तरी इथला माणूस म्हणेल, आय अ‍ॅम ग्रँड, माझं उत्तम चाललंय. म्हणून तर हे शिकायला मला अमेरिकेला जावं लागलं.”

या सगळ्यात घरात बाबा होते. वीज मंडळातून रिटायर झालेले, नागपूरला एकटे राहणारे. फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आले आणि अडकले. विशेष विमानं सुरू झाल्यावर दोनदा जागा मिळत होती. दोन्ही वेळा मी विचारलं, “बाबा, जायचंय का? पण तिथे कोण आहे तुमचं? आई नाही, रात्रीबेरात्री काही झालं तर बघणार कोण?” दोन्ही वेळा ते म्हणाले, “असू दे.” मी विषय मिटवला. बापाची काळजी घेणारी मुलगी म्हणून माझी मलाच शाबासकी होती.

सप्टेंबरात एका दुपारी बाई आपली घडीची खुर्ची आणि थर्मास घेऊन आमच्या मागच्या अंगणात आल्या. नियमाप्रमाणे लांब बसल्या. बाबा माकडटोपी घालून लसूण सोलत होते. आमचा पुन्हा तोच वाद. शेवटी बाई वैतागून बाबांकडे वळल्या. “तुम्ही सांगा. तुम्हाला काय हवंय?”

बाबा इंग्रजीत म्हणाले, “नथिंग. आय अ‍ॅम ग्रँड.” सात महिन्यांत तेवढं मात्र पक्कं शिकले होते.

बाईंनी कप गवतावर ठेवला आणि त्या नुसत्या थांबल्या. तालमीत नट खोटं बोलला की त्या अशाच थांबतात. मी काहीतरी बोलायला गेले, तर हात वर करून मलाच गप्प केलं. बाबांच्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली. मग माझ्याकडे बघून ते म्हणाले, “मले घरी जाचं आहे.”

बाईंना मराठीचा शब्द कळत नाही. त्यांनी माझ्या वहीकडे बोट दाखवलं. “आत्ता ते काय म्हणाले, ते लिही.”

लिहिते कसली! मला ढसढसा रडू आलं, आणि रागही. बाई गेल्यावर मी बाबांना म्हटलं, “सात महिने बोलला का नाहीत?”

“तू इचारलं कुठं, पोरी? तू त सांगत होती.”

रात्री बाबांचं तिकीट काढलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गाणंही झालं. माझ्या नायिकेला नुकसानभरपाई नको, निरोपाचं घड्याळ नको. तिला तिची खुर्ची हवी आहे, चाळीस वर्षं बसून बसून तिच्या मापाची झालेली. बाईंनी चारातली दोन कडवी उडवली, उरलेल्या दोन्हींना हात लावला नाही. पुढल्या उन्हाळ्यात चर्चमागच्या मैदानात प्रयोग झाला. लोक घरच्या खुर्च्या घेऊन आले, आणि त्या गाण्यात एकही माणूस खोकला नाही. आता लेखिका म्हणून मला कोणी काही शिकवू नये. पण हवंय म्हणणं म्हणजे काय, हे मला खरं कळलं ते त्याआधी, ऑक्टोबरात, डब्लिन विमानतळाच्या दारात.

आत फक्त प्रवाशांनाच सोडत होते. बॅग बाबांच्या हातात देताना मी सवयीने विचारलं, “बाबा, काही हवंय का?”

“काही न...” म्हणता म्हणता ते थांबले. मास्क जरा खाली ओढला आणि होकाराची मान हलवली.

“हाव. हवं आहे. तू एकदा ये. दहा दिवस ये, पण मोकळी ये. तो लॅपटॉप नको आणू.”

इतकी वर्षं अशा वेळी मी ‘बघते’ म्हणत आले. त्या दिवशी ‘येते’ म्हणाले.