वस्तादांचा दम
ताक-तेल घालून मळलेल्या तांबड्या मातीचा वास आला, की महाराजांच्या राजवटीतली कोल्हापुरातली एक सकाळ आठवते. तालमीत आम्हा पैलवानांचा वाद पेटला होता, की सगळ्यांत थोर मल्ल कोण? कुणी पंजाबचा म्हणे, कुणी मिरजेचा. मी आमच्या वस्तादांचं नाव घेतलं. "म्हातारं झालं की ते!" एक जण हसला. वस्ताद मागंच उभे होते. त्यांनी लंगोट कसला, आखाड्यात उतरले आणि मला म्हणाले, "ये, धर." त्यांचं छातीचं दुखणं फक्त मला ठाऊक होतं. जोर लावावा तर त्यांच्या जिवाला धोका, न लावावा तर त्यांना कळणार. मी अडखळलो तेवढ्यात त्यांनी मला चीत केलं. सगळे ओरडले, पण माझ्या छातीवरून वस्ताद उठेनात. त्यांचा श्वास नुसता घरघरत होता. "हलू नगंस," ते कानाशी पुटपुटले, "दम येऊ दे जरा." मी त्यांना दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि मोठ्यानं ओरडलो, "हरलो वस्ताद, सोडा की आता!" बऱ्याच वेळानं ते माझ्या खांद्यावर भार देऊन उठले. तालमीतला वाद तिथंच मिटला. आज मात्र कुणा थोर मल्लाचं नाव निघालं, की मला आधी त्याच्या श्वासाचीच काळजी वाटते.