वात मधोमध

गल्लीत थोरलीला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ चालली आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला जे वजन टांगतो, तो ओळंबा. नाव कोणी ठेवलं ते आता कोणालाच आठवत नाही, पण त्याने तिला एकदा तरी चहाला बोलावलं असणार. दुसऱ्याच्या घरी बसलेली असताना तिची नजर भिंतीवरच्या तसबिरीवर जायची, बोलणं मध्येच तुटायचं, आणि कप खाली ठेवून ती उठायची, तसबिरीचा एक कोपरा बोटाने जरासा वर करायची. हा आपला अपमान झाला की आपल्यावर उपकार, हे घरच्यांचं ठरेपर्यंत ती परत जागेवर बसून, उरलेलं वाक्य पुरं करत असायची.

तिचा धंदा मेणबत्त्यांचा. म्हणजे तिचा आणि धाकट्या जावेचा. दोघा भावांचा... असं लोक म्हणायला जात आणि जीभ चावत, कारण भाऊ दोघेही कधीच गेले होते आणि धंदा बायकांनीच चालवला होता. घराच्या मागच्या खोलीत लांब टेबल, टेबलावर उभे पत्र्याचे साचे, कोपऱ्यात मेण वितळवायचं पातेलं, आणि दोघींच्या कपड्यांना कितीही धुतलं तरी न जाणारा एक तेलकट वास. भांडण एकच, पण नेमाचं. मेणाच्या वाफेने धाकटीचं डोकं चढायचं म्हणून तिला खिडकी उघडी हवी. वाऱ्याने मेण एका बाजूने आधी थिजतं म्हणून थोरलीला ती बंद हवी. शेवटी खिडकी अर्धी उघडी राहायची आणि दोघी पूर्ण नाराज.

काम वाटलेलं होतं. धाकटी मेण ओतायची. थोरली वाती लावायची. साच्याच्या तळाला बारीक भोक असतं, त्यातून वात वर घ्यायची, खाली गाठ मारायची, वरचं टोक एका काडीला बांधून काडी साच्याच्या तोंडावर आडवी ठेवायची. मेणबत्ती साच्यात डोक्यावर उभी असते. भोकाकडचा भाग पुढे तिचा शेंडा होतो आणि काडीकडचा भाग बूड. शेंड्याची वात भोकामुळे आपोआप मधे राहते. बुडाची वात मधोमध ठेवणं हे हाताचं आणि नजरेचं काम, आणि त्यात थोरलीचा हात धरणारं कोणी नव्हतं. धाकटीने एकदा मोजपट्टी आणून ठेवली होती. थोरलीने ती पाठ खाजवायला वापरली.

रोजच्या मालातली एक मेणबत्ती रात्रीच्या जेवणाला पेटवायची हाही घरचा नियम होता. जेवण होईपर्यंत ती नीट जळली की माल चांगला. मग फुंकर घालायची, उरलेली मेणबत्ती पुन्हा पातेल्यात. माल फुकट जाळून कसं चालेल, असं थोरलीच्या नवऱ्याने लग्नानंतर लगेच सांगितलं होतं आणि तो गेल्यावरही ते तसंच चालू होतं. त्यामुळे स्वतःची एकही मेणबत्ती शेवटपर्यंत जळताना दोघींपैकी कोणीच बघितलेली नव्हती. हे विचित्र आहे हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

ते लक्षात आणून दिलं प्रार्थनागृहाच्या रखवालदाराने. त्या प्रार्थनागृहात भिंतीलगत एक दगडी टेबल होतं. गेलेल्या माणसाचा फोटो तिथे ठेवून लोक समोर मेणबत्ती लावत आणि ती विझेपर्यंत बसून राहत. सगळ्या मेणबत्त्या या घरच्या. रखवालदार माल न्यायला आला तेव्हा नेहमीसारखा विनोद करत आला, पण खोके उचलायच्या आधी त्याने मान खाजवली. म्हणाला, हल्ली तुमच्या मेणबत्त्या अर्ध्यापर्यंत शहाण्या मुलीसारख्या जळतात आणि मग एका बाजूला कलतात. एक बाजू भराभर उतरते, मेण टेबलावर सांडतं, दुसरी बाजू भिंतीसारखी उभीच्या उभी. मला काय, मी खरवडून काढीन. पण लोक त्यातून अर्थ काढतात. शिवणकाम करणारी एक बाई आहे, तिचा नवरा बस चालवायचा, इस्पितळात वारला. त्या आधी दोघांचं भांडण झालं होतं, अबोला होता. तिने त्याची माफी मागून मेणबत्ती लावली, तर अर्ध्यावर ज्योत फोटोकडे पाठ फिरवल्यासारखी दुसरीकडे उतरत गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावली, पुन्हा तेच. तो माफ करत नाही म्हणून ती आता फोटोच आणत नाही, नुसती येऊन मागच्या बाकावर बसते.

"तिथे दार उघडं असतं," थोरली ताबडतोब म्हणाली. "वारा येत असेल."

धाकटीने ते मानून घेतलं, जरी वाऱ्याचा दोष निघाला की खिडकीचं भांडणही थोरलीच जिंकणार हे तिला दिसत होतं. पण शिवणकामवाल्या बाईचा तो मागचा बाक तिच्या मनातून हलेना. थोरली दुपारी सूत आणायला बाहेर गेली तेव्हा तिने एक मेणबत्ती पेटवली आणि समोर बसली. अर्ध्यापर्यंत सुरेख. मग एका बाजूची कड मऊ झाली, खचली, आणि मेण ओघळायला लागलं. धाकटीने उठून खिडकी घट्ट लावली. कड खचतच राहिली. मग तिने मेणबत्ती हलकेच अर्धी फिरवली. वाऱ्याचं काम असतं तर खड्डा आता नव्या बाजूला पडायला हवा होता. तो मेणबत्तीबरोबरच फिरला.

तिने विझवलेल्या मेणबत्तीचं बूड सुरीने आडवं कापलं. वात काठाजवळ होती. तिने दुसरी कापली, मग तिसरी. साच्याच्या जोडाची रेघ मेणबत्तीवर उमटते, आणि जोड आपल्या बाजूला करूनच साचे मांडायची थोरलीची सवय. बूड वर करून रेघ समोर धरली की प्रत्येक वात डावीकडे सरकलेली. सगळ्या एकाच बाजूला, जवळजवळ सारख्याच. धांदरटपणाने असं होत नाही. धांदरट माणूस चारी दिशांना चुकतो.

कापलेले तुकडे पातेल्यात टाकून ती तशीच उभी राहिली, आणि गेल्या काही महिन्यांतल्या ज्या गोष्टींकडे तिने बघूनही बघितलं नव्हतं, त्या एकेक करून समोर येऊन बसल्या. थोरली पेल्यात पाणी ओतताना आधी बोटाने पेल्याची कड चाचपायची. डाव्या बाजूने कोणी आलं की दचकायची आणि मग दचकल्याबद्दल त्यालाच ओरडायची. काम करताना मान वळवून, खांदा पुढे काढून बसायची. विचारलं तर म्हणायची, मान धरली आहे. मान धरलेली नव्हती. ती उजव्या डोळ्याला टेबलासमोर आणत होती. आणि एका बाजूने बघणाऱ्याला मधोमध जे दिसतं, ते मधोमध नसतं.

बोलायचं तर तिच्या तोंडावर आलं होतं. पण थोरलीचा मुलगा दूरच्या शहरात होता, आणि दर फोनला एकच पालुपद लावायचा: आई, आता पुरे झालं, इकडे ये, आराम कर. थोरली एकदा तिथे राहून आली होती. दिवसभर खुर्चीत बसवून ठेवतात, भाजीसुद्धा चिरू देत नाहीत, मी काय शोभेची वस्तू आहे का, असं म्हणत परत आली होती. डोळ्याचं कळलं तर मुलगा तिला न्यायला येणार, आणि या वेळी तिच्याकडे नाही म्हणायला तोंड उरणार नाही. मागच्या खोलीतून थोरली वजा केली तर काय उरतं, हा हिशेब धाकटीने करूनच बघितला नाही.

म्हणून तिने सोपा मार्ग धरला. थोरली वाती लावून हात धुवायला गेली की मेण ओतता ओतता ती काड्या हळूच मधोमध आणायला लागली. मोजपट्टी पदराखाली. चोरी पकडली जाऊ नये म्हणून वर खिडकीवरून भांडणही उकरून काढायची.

पुढच्या खेपेला रखवालदार आला तो हसतच आला. "ओळंबाबाई, तुमची नवी तऱ्हा बघितली. आता रेघेच्या दुसऱ्या बाजूला कलतात."

धाकटीच्या हातातलं खोकं घसरता घसरता राहिलं. तिने स्वतः मोजून लावलेल्या काड्या होत्या. थोरलीचा चेहरा मात्र एकदम उतरला, आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी मेण ओतून झाल्यावर धाकटीने बाहेर जायचं नाटक केलं आणि दाराआडून बघत राहिली. मेणावर साय धरली होती. थोरली साच्यांपाशी आली. तिने एकेका काडीला बोट लावलं आणि प्रत्येक काडी अगदी केसभर उजवीकडे सरकवली. डोळे मिटून. जणू झोपलेल्या लेकरांच्या अंगावरचं पांघरूण नीट करत होती.

"काय करताय, जाऊबाई?"

थोरली दचकली, पण या वेळी ओरडली नाही.

"माझी वात डावीकडे जाते," ती म्हणाली. "रखवालदार पहिल्यांदा बोलला तेव्हाच कळलं मला. वारा कसला डोंबलाचा. म्हणून मी नंतर येऊन उजवीकडे घेते. पण जास्त होतंय कुठेतरी."

धाकटीने पदराखालून मोजपट्टी काढून टेबलावर ठेवली. थोरलीने ती बघितली, बोटाने चाचपली, आणि मग तिला हसू फुटलं. इतकं की तिला टेबलाचा आधार घ्यावा लागला. एक चोरून सरळ करत होती, दुसरी सरळ झालेलं चोरून सुधारत होती, आणि दोघींच्या मायेने मिळून गावभर वाकड्या मेणबत्त्या वाटल्या होत्या. धाकटीही हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना.

"डावा ना?" तिने विचारलं.

"गेलाच म्हण. कडेकडून धुकं येत गेलं. तू कळवशील पोराला?"

धाकटीने मान हलवली, मग ते थोरलीला दिसलं की नाही याची खात्री नसल्यामुळे तोंडाने म्हणाली, "मी नाही कळवणार. तुम्हीच सांगा, पण आधी डॉक्टरकडे चला."

"आधी डॉक्टर नाही," थोरली म्हणाली. "आधी ती मागच्या बाकावरची."

धाकटीने तिला पुष्कळ समजावलं. तिथे रखवालदार असेल, लोक असतील, गोष्ट संध्याकाळपर्यंत गल्लीत पोचेल, मग मुलगा, मग खुर्ची. नुसता मालात दोष होता एवढंच सांगू. पण थोरलीला ते मानवेना. मालात दोष होता असं म्हटलं तर ती म्हणेल, दोष नेमका माझ्याच मेणबत्तीत का आला. ज्याला माफी हवी असते त्याला अर्धं खरं पुरत नाही, असं ती चप्पल शोधत म्हणाली. चप्पल तिच्या डाव्या पायाशीच होती.

शिवणकामवाली बाई बाकावर बसली होती, हातात पिशवी. थोरली धाकटीला दारापाशी सोडून बाईच्या शेजारी जाऊन बसली आणि प्रस्तावना न करता बोलायला लागली. मी मेणबत्त्या करते. मला डाव्या डोळ्याने दिसत नाही. मी वाकडं बसून बघते, म्हणून माझी वात बुडाला बाजूला जाते. ज्योत वातीच्या मागे जाते, मेण ज्योतीच्या मागे. फोटोत कोण आहे हे ज्योतीला कळत नाही. रखवालदार झाडू धरून उभा होता. त्याने ऐकलं, आणि झाडू भिंतीला टेकवून ठेवला.

सुटका झाल्यासारखं बाईच्या चेहऱ्यावर काही आलं नाही. उलट ती जरा हिरमुसल्यासारखीच दिसली, जणू रागाने का होईना, पण कोणीतरी बोलत होतं आणि आता तेही थांबलं.

"म्हणजे त्याने काहीच सांगितलं नाही," ती म्हणाली.

"नाही," थोरली म्हणाली. "हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. तुम्ही बोलत राहा. मी पण माझ्या नवऱ्याशी अजून बोलते, बहुतेक तक्रारीच असतात."

बाईच्या ओठांचा कोपरा हलला. तिने पिशवीतून फोटो काढला. तो पिशवीत रोज येतच होता, फक्त बाहेर निघत नव्हता. फोटोबरोबर जुन्या मालातली एक मेणबत्तीही निघाली. थोरलीने नवी देते म्हटलं, पण तिने ऐकलं नाही. कुठल्या बाजूने उतरणार तेवढं सांगा, म्हणाली. थोरलीने मेणबत्ती उलटी धरली, अंगठ्याने जोडाची रेघ शोधली आणि डावी बाजू दाखवली. बाईने ती बाजू फोटोकडे केली आणि मेणबत्ती पेटवली.

परतीच्या वाटेवर थोरलीने पहिल्यांदाच धाकटीचा दंड धरला, आणि घरी पोचल्यावर मुलाला स्वतः फोन लावला. त्याने काय काय म्हटलं ते धाकटीला भिंतीपलीकडून ऐकू आलं नाही. थोरलीचं मात्र ऐकू आलं. डोळ्याचं तिने काहीही न लपवता सांगितलं, डॉक्टरकडे जाणार आहे हेही सांगितलं, आणि मग म्हणाली, भेटायला ये, न्यायला येऊ नकोस.

डॉक्टरने काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही. उरलेली औषधाच्या थेंबांनी पुष्कळ वर्षं टिकू शकते, नेम चुकवायचा नाही. मुलगा आला, दोन दिवस मागच्या खोलीत स्टुलावर बसून आईकडे बघत राहिला, आणि न्यायचं काही बोलला नाही. जाताना त्याने काकूच्या हातात थेंबांची बाटली दिली, तर आईने ती तिच्या हातातून काढून घेतली.

आता थोरली डोळे मिटूनच वाती लावते. दोन्ही अंगठे साच्याच्या काठावर टेकवायचे आणि दोन्ही तर्जन्या वातीला भिडवायच्या. एका बोटावर ताण कमी लागला की वात तिकडून सरकली आहे. पहिल्या दिवशी हे फार हळू चाललं होतं. पातेल्यातलं मेण तयार होऊन वाट बघत होतं, आणि धाकटीला एक काडी वाकडी दिसत होती, की वाटत होती. तिने हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट अडकवले.

"बघते आहेस ना," थोरली डोळे न उघडता म्हणाली.

"नाही."

"मग श्वास घे."

धाकटीने श्वास सोडला. थोरलीची बोटं त्या काडीपाशी परत आली, थबकली, आणि तिने ती अगदी थोडी हलवली.